साबणवाल्याचा बोळ

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मला त्याची सवय आहे. डब्लिनमध्ये, म्हणजे आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये, गुरुनाथकाकांनी, म्हणजे मी, सांगितलं की बाहेर बर्फ पडतोय, तर लोक उठून खिडकीपाशी जातात आणि खात्री करून घेतात. एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून मी डॉक्टर प्रतापांना फोन केला, तर त्यांनी आधी शुभाला फोनवर बोलवायला सांगितलं. शुभा ही माझी बायको. तिच्या शब्दाला इथल्या मराठी मंडळात किंमत आहे, कारण ती फारशी बोलतच नाही.

तर ही गोष्ट यंदाच्या दसऱ्याच्या जेवणात निघाली. दसरा गुरुवारी होता, पण अमेरिकेत आपले सण रविवारी येतात. देवदत्तच्या बेसमेंटमध्ये सगळे जमलो होतो. देवदत्त नागपूरचा, एका इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. बायको राधिका, ती मुंबईची. त्याची आई मालिनीताई परवाच नागपूरहून आल्या होत्या आणि जेट लॅगमुळे वरच्या खोलीत झोपल्या होत्या. त्या आठवड्यात शेअर बाजार असा आपटला होता की श्रीखंड दुसऱ्यांदा वाढून घेतानाही माणसं विचार करत होती. रिटायरमेंटचं काय राहिलं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. सगळे श्रीखंडाकडे बघत होते.

अशा वेळी डॉक्टर प्रताप म्हणाले, "या वर्षी आम्ही परत फ्लॉरेन्सला जाऊन आलो."

डॉक्टर प्रताप हे रिटायर्ड हृदयरोगतज्ज्ञ. आम्ही दोघं अमेरिकेत साधारण एकाच सुमाराला आलो. ते माणसांचे पंप दुरुस्त करत होते, मी कारखान्यांचे. माणसांच्या पंपांना जास्त भाव आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फ्लॉरेन्सबद्दल आहे. पहिल्यांदा ते तिकडे जाऊन आले तेव्हा त्यांनी आम्हाला तीन रविवार स्लाइड्स दाखवल्या होत्या. तिथल्या ड्यूकने म्हणे आपल्या राजवाड्यापासून कचेरीपर्यंत एक बोळ बांधून घेतला. जमिनीवर नव्हे, वरच्या वर. घरांच्या माथ्यावरून, नदीवरच्या पुलावरून. का, तर येताजाता लोकांची तोंडं बघायला लागू नयेत. पुलावर खाटकांची दुकानं होती, त्यांचा वास बोळात येतो म्हणून पुढे त्यांना हाकलून तिथे सोनार बसवले. बोळाच्या भिंतींवर चित्रं. बोळ संपला की गॅलरी, तिथे आणखी चित्रं. डॉक्टरांना आत सोडलं ते ‘स्पेशल परमिशन’वर. हा शब्द ते इतक्या हळू उच्चारत की मागच्या रांगेतलाही ऐकायला पुढे वाके.

तर दसऱ्याला त्यांनी परत परमिशनपर्यंत गाडी आणली आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, बोळच ना? आपण सगळ्यांनी पाहिलाय की. इथला, ओहायोतला. दोन हजार तीन साली, लाइट गेले होते त्या दिवशी. आपण सगळे होतो."

बेसमेंटमधले चमचे जागच्या जागी थांबले. मला वाटलं, हा माझ्या आवाजाचा परिणाम. देवदत्तने मान खाली घालून श्रीखंडाची वाटी खरवडायला घेतली. डॉक्टर प्रतापांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हो हो. तो साबणवाल्याचा."

ही गोष्ट मी मुलाकडे नेपरव्हिलला सांगितली आहे, मुलीकडे क्युपर्टिनोलाही सांगितली आहे. डब्लिनमध्ये मात्र कधी सांगायची वेळ आली नव्हती. पण डॉक्टरांनी ‘हो हो’ म्हटल्यावर मला चेव आला. इतक्या वर्षांत डॉक्टर माझ्या वाक्याला ‘हो’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आता हा साबणवाला कोण? एरी सरोवराच्या काठाला, क्लीव्हलँडच्या जरा अलीकडे, शंभर वर्षांपूर्वी होरेशियो क्रंब नावाचा माणूस साबण करायचा. साबणात इतका पैसा की हा गृहस्थ बायकोला घेऊन फ्लॉरेन्सला गेला, ड्यूकचा बोळ बघितला, आणि येऊन म्हणाला, मलाही हवा. याचं घर रस्त्याच्या एका बाजूला, गॅलरी दुसऱ्या बाजूला, मधून कामगारांचा जायचा-यायचा रस्ता. कामगारांच्या अंगाला चरबीचा वास. त्याच चरबीचा साबण लावून हा अंघोळ करणार, पण वास नको! म्हणून रस्त्यावरून लाकडी बोळ, दोन्ही बाजूंना गोल गोल खिडक्या, आणि भिंतींवर इटलीहून आणलेली चारपाचशे वर्षांपूर्वीची चित्रं. त्यांतली काही खरी आहेत असं म्युझियमवाले सांगतात. कोणती, ते सांगत नाहीत.

लोक या क्रंबला हसतात. मी हसत नाही. आम्ही काय वेगळं करतो? सकाळी घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या गॅरेजमध्ये. संध्याकाळी बटण दाबलं की दार वर, गाडी आत, दार खाली. डब्लिनमध्ये प्रत्येक मराठी माणसाला स्वतःचा बोळ आहे. शेजारचा माणूस वारला तर त्याच्या पत्रपेटीत साठलेल्या जाहिरातींवरून कळतं.

असो. स्लाइड्सच्या तिसऱ्या रविवारी मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की मंडळाची सहल मी काढणार. असलाच बोळ, असलीच गॅलरी, गाइडसकट, आणि तीही ओहायोत.

"काका, सोडा हो," देवदत्त म्हणाला. "ओहायोत मका असतो."

"आहे म्हणतोय ना मी!"

"तुम्ही तर असंही म्हणाला होतात की तुम्ही नासामध्ये पंप बसवलाय."

बसवला होता. पण ते राहू द्या. खरं कारण सांगतो. मला कलेतलं काही कळत नाही. मला साक्षीदार हवे होते. आयुष्यात एक, फक्त एक गोष्ट अशी हवी होती की मी सांगायला लागलो की समोरचे चारजण म्हणतील, "बरोबर आहे, आम्ही होतो तिथे." डॉक्टरांनी फ्लॉरेन्स एकट्याने बघितलं तरी लोक मानतात. माझ्या बाबतीत बसभर माणसं बरोबर असल्याशिवाय भागणार नव्हतं.

मग म्युझियमला फोन. तिथल्या मिस वॉटकिन्स या बाई गाइडही होत्या आणि ऑफिसही त्याच होत्या. वय ऐंशीच्या घरात, आवाज मुख्याध्यापिकेचा. त्यांनी सांगितलं, ग्रुप टूर फक्त गुरुवारी. किमान वीस माणसं पाहिजेत, एक जरी कमी पडलं तरी टूर रद्द, त्यांच्या ट्रस्टचा नियम आहे. आणि प्रत्येकाचं नाव आधी कळवायचं, ओळखपत्रावर असेल तसंच्या तसं.

नावांनी माझा जीव खाल्ला. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे आईवडील इथे आलेले. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, सगळं नाव एकाच ओळीत. मग व्हिसावाल्यांनी ते सगळंच आडनाव धरून पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलेलं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. मी ते तसंच्या तसं कळवलं. मिस वॉटकिन्सचा फोन आला. "तुमच्या ग्रुपमध्ये एफएनयू कुटुंब फार मोठं दिसतंय. एकाच कुटुंबाला सवलत असते." मी त्यांना खरं काय ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे या लोकांना पहिलं नावच नाही?" मी म्हटलं, "आहे, पण अमेरिकेला माहीत नाही." त्यावर बाईंनी माझंच नाव परत एकदा विचारून घेतलं. बहुधा मला थापाड्या समजल्या असाव्यात. म्हणजे माझी कीर्ती सरोवरापर्यंत पोचली.

मग सल्ले सुरू झाले. वर चढायला जिना आहे का? जिना असला तर कठडा आहे का? रेस्टरूम बोळाच्या अलीकडे की पलीकडे? श्रावणातला गुरुवार म्हणजे निम्म्यांना उपास, मग साबुदाण्याची खिचडी वेगळी, उपास नसलेल्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या वेगळ्या. एकांनी विचारलं, चित्रांतल्या बायका पूर्ण कपड्यांत आहेत ना, कारण बरोबर सासूबाई येणार आहेत. मी म्हटलं, साबणवाल्याने घेतलेली चित्रं आहेत, मी काय हमी देऊ?

आणि येणार का, असं विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर: "आमचं धरून चाला!"

हे उत्तर जगात फक्त मराठी माणूस देतो. अमेरिकन माणूस येतो म्हणतो किंवा येत नाही म्हणतो, आणि त्याप्रमाणे वागतो. असंस्कृत लोक! आपण ‘धरून चाला’ म्हणतो. म्हणजे पुऱ्या धरून लाटा, बसमधली जागा धरून ठेवा, पण मला मात्र धरू नका. मी सगळ्यांना धरलं. देवदत्त म्हणाला, "काका, मी ऑफिसमध्ये डे ऑफ टाकतो, आईलाही आणतो, धरून चाला." डॉक्टर म्हणाले, "खरा बोळ बघितल्यावर काय राहिलं म्हणा, पण गुरुनाथ, तुझ्यासाठी. धरून चाल."

शुभाने दोन दिवस स्वयंपाक केला. मी पिवळी स्कूलबस भाड्याने घेतली आणि दुपारी देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये उभी केली.

इथे शुभा चहा टाकायला उठली. ती या गोष्टीत बस आली की नेहमी उठते.

"मग?" राधिकाने विचारलं. तिला खरंच उत्सुकता दिसली. ती त्या उन्हाळ्यात बाळंतपणाला मुंबईला गेली होती.

मग काय, बस भरली. एकेक जण येत गेला. डॉक्टर गळ्यात कॅमेरा अडकवून आले. देवदत्त खिचडीचं मोठं पातेलं मांडीवर घेऊन बसला. बरोबर ना रे?

"हो काका," देवदत्त म्हणाला. "जड होतं."

बघा! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्युझियमच्या दारात गार्डने पातेलं अडवलं. आत खाणं नेता येणार नाही. देवदत्तने सांगितलं, हे खाणं नाही, हे धार्मिक आहे. गार्डने झाकण उघडून वास घेतला आणि झाकण लावून सलाम केला.

"सलाम नाही केला," देवदत्त पुटपुटला. "पण... सोडलं आत."

मिस वॉटकिन्स पुढे, आम्ही मागे. बोळात शिरताना पहिलंच चित्र आई आणि मुलाचं. आईच्या डोक्यामागे सोन्याचं वलय, मांडीवर बाळ, बाळाच्या हातात डाळिंब. आपल्या बायकांनी ते बघितलं मात्र, पटापट चपला काढल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या. बोळाच्या तोंडाशी बुटांचा हा ढीग! मिस वॉटकिन्स ओरडल्या की अनवाणी चालायचं नाही, विमा चालत नाही. मी म्हटलं, बाई, तुमच्या चित्राला पहिल्यांदाच कुणी इतका मान दिला असेल, विम्याला सांगा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

डॉक्टर मात्र चालूच. "फ्लॉरेन्सला याच्यापेक्षा रुंद आहे. फ्लॉरेन्सला खिडकीतून नदी दिसते." शेवटी मिस वॉटकिन्स म्हणाल्या, "सर, तुम्ही टूर घेता का?"

बेसमेंटमध्ये हशा पिकला. मी डॉक्टरांकडे चोरून पाहिलं. वाटलं, आता उसळणार. पण ते हसत होते, सगळ्यांत मोठ्याने. म्हणाले, "अरे, मी नुसतं कम्पॅरिझन करत होतो." त्यांच्या बायकोने, सुचित्रावहिनींनी, त्यांच्याकडे असं पाहिलं की मला ते समजलं नाही. पण गोष्ट रंगात आली की कथेकऱ्याने बायकांच्या चेहऱ्याकडे बघू नये.

आणि मग, बोळाच्या बरोबर मध्यावर, लाइट गेले.

तुम्हाला आठवत असेल, तो दिवस अख्ख्या देशाला आठवतो. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, सगळीकडे फट्ट. बोळाची दोन्हीकडची दारं विजेच्या कुलपांची, ती बंद. मागे दार, पुढे दार, मध्ये आम्ही आणि इटलीतले मेलेले सरदार भिंतींवरून बघतायत. गोल खिडक्यांतून थोडासा उजेड येत होता, तेवढाच. आणि त्या उजेडात माझ्या दंडाला कुणीतरी अशी मिठी मारली की बोटांचे वळ आठवडाभर होते. कोण? हृदयरोगतज्ज्ञ!

"हात धरला होता," डॉक्टर म्हणाले. "ओरडलो नव्हतो."

"ओरडलात, डॉक्टर."

"बरं, थोडा."

या वेळेला मालिनीताई जिना उतरून खाली आल्या. झोपेने डोळे सुजलेले, हातात चहाचा कप, अंगावर मुलाचं स्वेटर. देवदत्तने एकदम उठून म्हटलं, "आई, तू झोप ना. वर झोप." त्या म्हणाल्या, "झोपून झोपून कंटाळली बाप्पा मी. चालू द्या तुमचं," आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. आता शहाण्या माणसाने इथे गोष्ट आवरती घेतली असती. पण इतकी माणसं आजवर माझ्या गोष्टीत कधी ‘हो’ म्हणाली नव्हती. माणूस अशा वेळी थांबतो होय? उलट मी गोष्टीचा मान त्यांनाच दिला.

मी सांगितलं, सगळे घाबरले होते, मिस वॉटकिन्स भिंतीला टेकून थरथरत होत्या, तेव्हा एक बाई पुढे झाल्या. कोण? ह्याच आपल्या मालिनीताई! अंधारात त्यांनी खडा आवाज लावला आणि आरती सुरू केली. सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मिस वॉटकिन्सही टाळ्या वाजवायला लागल्या. मग मालिनीताईंनीच पातेलं उघडलं आणि हातावर हातावर खिचडी वाढली. ना डिश, ना चमचा. गार्डला दिली. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. हात पुसायला काही नव्हतं म्हणून कुणीतरी साबणवाल्याच्या पडद्याला पुसले, नाव सांगत नाही, ते इथेच बसलेत. आणि खिडकीतून खाली बघतो तर काय, रस्त्यात सिग्नल बंद, गाड्या थांबलेल्या, आणि अमेरिकन माणसं गाडीतून उतरून एकमेकांशी बोलतायत! मी इतकी वर्षं इथे आहे, ओहायोत रस्त्यावर उभी राहून बोलणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. ज्या बोळात कुणाचं तोंड दिसू नये म्हणून क्रंबने इतका पैसा घातला, त्याच बोळात आम्ही सगळे एकमेकांच्या घामाच्या वासात, एकमेकांना चिकटून बसलो होतो. कुणी घड्याळ बघत नव्हतं. कुणी म्हणत नव्हतं, काका, उद्या ऑफिस आहे. दार उघडल्यावर मी बसमध्ये माणसं मोजली. सगळी होती. एकसुद्धा कमी नाही.

शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. शुभा चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ती पुढे येईना. देवदत्त म्हणाला, "वा काका. काय दिवस होता!" डॉक्टर प्रताप म्हणाले, "अनफर्गेटेबल." सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या जणांनी एकदम माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या डोळ्यात बघत नव्हता.

मालिनीताईंनी कप खाली ठेवला.

"अहो भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी कुठची हो तिथे? मी तर त्या दिवशी इथेच होती, याच घरी. नवी साडी नेसून, पायात चपला घालून सोफ्यावर बसली होती सकाळपासून. इथले लाइट कुठे गेले होते? मग हा देवदत्त फोन ठेवून आला अन् म्हणाला, आई, काढ त्या चपला, काकांनी कॅन्सल केलं. डॉक्टर येत नाहीयेत, ते बघून बाकीचे पण कुणीच येत नाहीयेत."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी सरळ मनाने.

"मग बसमध्ये होतं कोण?"